मोटारसायकल शिकण्याची रीत

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांवर काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्या संस्थेत आहेत आणि ती यंदाही लिहितीलच. मी निवडलेला विषय आपल्या दवाखान्याच्या दारात रोज उभा असतो, पण औषधाच्या चिठ्ठीवर कधी उतरत नाही. तो म्हणजे मोटारसायकल चालवायला शिकणे.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत दुचाकी ही चैन राहिलेली नाही. वाडे रस्त्यापासून आत, बस संध्याकाळनंतर विरळ आणि काम म्हणावे तर तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हापशाच्या बाजारात किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत. दुचाकीला भाड्याचे वाहन म्हणून मान्यता देणारी मोबाइल ॲप्स शहरांत येण्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यात पिवळ्या मडगार्डचे ‘पायलट’ रीतसर परवान्यावर प्रवासी नेत आले आहेत. इतकी जुनी दुचाकीची संस्कृती असलेल्या प्रदेशात गाडी शिकण्याची रीत मात्र अजून एकच आहे. चुलतभावाची गाडी, रविवारची संध्याकाळ, गावचे मैदान आणि ‘क्लच सोड, रेस दे’ एवढा उपदेश. मुलगा मैदानाला दोन फेऱ्या मारून आला की शिक्षण संपले. पुढचे सारे तो रस्त्यावर शिकतो आणि त्या शिक्षणाची फी कधी कधी आपल्याकडे टाके घालताना, कधी बांबोळीच्या इस्पितळात भरली जाते.

गेल्या वर्षी आमचे चिरंजीव अठरा वर्षांचे झाले आणि त्यांनी गिअरची मोटारसायकल मागितली. नकार दिला असता तर तो मित्राच्या गाडीवर शिकला असता. म्हणून मी आधी स्वतः शिकायचे ठरविले. आजवर मी स्कूटर आणि मोटारगाडी चालवीत आलो होतो. गिअरच्या मोटारसायकलीला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रथमच हात लावला. शिकविण्यासाठी गाठले ते पेडण्याच्या बाजारातल्या एका वयस्कर पायलटकाकांना. त्यांनी तीसहून अधिक वर्षे माणसे मागे बसवून नेली होती आणि आता गुडघ्यांमुळे धंदा सोडला होता. काकांकडे शास्त्र नव्हते, क्रम होता. शास्त्र मी घरी येऊन वाचले आणि दोन्ही जुळत गेले. प्रस्तुत लेख त्या जुळणीचा आहे.

कोणतेही हस्तकौशल्य अंगी बाणताना तीन अवस्थांतून जावे लागते, असे फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडले. पहिल्या अवस्थेत प्रत्येक हालचाल मनात बोलून करावी लागते, दुसरीत चुका कमी होत जातात आणि तिसरीत हात आपोआप चालतो व मन दुसरीकडे पाहायला मोकळे होते. आपण सर्वांनी शल्यक्रियेची गाठ अशीच शिकली आहे. खुर्चीच्या पायाला दोरा बांधून शंभरदा गाठ मारली आणि मग रुग्णाजवळ गेलो. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र पहिल्या अवस्थेतल्या मुलाला आपण थेट राष्ट्रीय महामार्गावर पाठवितो. ज्याचे लक्ष अजून डाव्या पायाखालच्या गिअरमध्ये अडकले आहे, त्याला धारगळच्या चौकात समोरून वळणारा टेंपो दिसणार कसा? डोळ्यांत दोष नसतो. मेंदूजवळ शिल्लक लक्ष नसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बहुतेक मुले आधी गिअर नसलेल्या स्कूटरवर तयार झालेली असतात. स्कूटरची डावी मूठ म्हणजे ब्रेक. मोटारसायकलीची डावी मूठ म्हणजे क्लच. वर्षानुवर्षे डाव्या हाताने ब्रेक दाबणारा माणूस मोटारसायकलीवर घाबरला की जुन्या सवयीने डावी मूठ आवळतो. गाडी थांबत नाही. उलट इंजीन चाकापासून सुटे होते, इंजिनाचा रोध जातो आणि उतारावर ती मोकळी धावू लागते. मालपेच्या उतारासारख्या जागी हे घडले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून ‘मला स्कूटर येते, मोटारसायकल काय अवघड’ असे म्हणणारा शिकाऊ मला अगदी नवख्यापेक्षा अधिक काळजीचा वाटतो. नवख्याला फक्त शिकायचे असते, याला आधीचे विसरायचेही असते. त्यातच गाडीगणिक गिअरचा क्रम निराळा. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. शिकेपर्यंत एकच गाडी वापरावी, मित्रांच्या गाड्या बदलून पाहू नयेत, हा काकांचा पहिला नियम मला म्हणूनच पटला.

पहिले दोन दिवस काकांनी इंजीन सुरूच करू दिले नाही. गाडी ढकलीत न्यायची, स्टँडवरून उतरवायची आणि पुन्हा चढवायची, डावीकडून बसायचे-उतरायचे, चालता चालता पुढचा ब्रेक हलका दाबून ती कशी थांबते ते पाहायचे. शंभर-सव्वाशे किलोचे हे धूड कोणत्या कोनापर्यंत झुकले तर दोन बोटांनी सावरते आणि कुठून पुढे सावरत नाही, हे शरीराला कळले की पुढची निम्मी भीती जाते. आपल्याकडे येणाऱ्या घोट्याच्या आणि मनगटाच्या कितीतरी दुखापती गाडी उभी असतानाच, ती कलंडताना हट्टाने धरून ठेवल्याने झालेल्या असतात. कलंडत्या गाडीला सोडून बाजूला होणे हेही शिकावे लागते.

तिसऱ्या दिवशी क्लच. मूठ सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज किंचित खोल होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तीच जागा ओळखायची. दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर, मूठ त्या जागेपर्यंत सोडायची, गाडी हातभर पुढे गेली की पुन्हा दाबायची, पायांनी मागे ढकलायची. असे चाळीस-पन्नास वेळा. यात इंजीन बंद पडते, पडू द्यावे. रेस अजिबात द्यायची नाही. शिकवणारा भाऊ नेमके उलट सांगतो, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी गाडी उसळून माडाला भिडल्याच्या कथा प्रत्येक वाड्यात सापडतात.

यानंतरचा आठवडा सावकाश चालविण्यात गेला. शिकाऊ मुलाला वाटते की वेगात चालविणे अवघड आणि हळू चालविणे सोपे. खरे ते उलट आहे. वेग आला की फिरती चाके आणि पुढच्या चाकाची रचना गाडीला आपोआप उभी ठेवतात. माणसाच्या चालीइतक्या वेगात मात्र तोल सर्वस्वी चालकाचा. अर्धा क्लच धरून, मागचा ब्रेक किंचित लावून, पाय खाली न टेकता गाडी रांगवायची. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो तो याचसाठी, पण लोक तो परीक्षेपुरता घोकतात. आठ काढताना काका एकच प्रश्न विचारीत, ‘दोतोर, नदर खंय आसा?’ पुढच्या चाकाकडे पाहिले की पाय टेकलाच. मान वळवून आकड्याच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिले की हँडल आपण होऊन वळते. मेंदू हाताला दिशा देतो ती नजरेच्या रोखाने, आणि याचा धोकाही तेथेच असतो. खड्ड्याकडे टक लावली की गाडी खड्ड्यातच जाते. रस्त्यात गुरे बसली असतील तर गुरांकडे न पाहता दोन गुरांमधल्या वाटेकडे पाहावे. वय झालेल्या शिकाऊंना मानेचा आखडलेपणा येथे आड येतो. सकाळी मानेचे व्यायाम करून मैदानावर गेल्यास फरक पडतो, हे स्वानुभवाने सांगतो.

आता ब्रेक. या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला देते. परिणामी आमचे बहुसंख्य चालक आयुष्यभर मागच्या ब्रेकवर जगतात. पदार्थविज्ञान निराळे सांगते. गाडी थांबू लागली की वजन पुढे सरकते, पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि मागचे हलके होते. ज्या चाकावर वजन, तेच चाक थांबवू शकते. कोरड्या रस्त्यावर थांबण्याची जवळजवळ ७० टक्के शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये असते. ताशी ६० किलोमीटर वेगात धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. नंतर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ती आणखी २३ मीटरवर थांबते, म्हणजे एकूण ४० मीटर. फक्त मागचा ब्रेक लावला तर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते आणि बहुधा मागचे चाक घसरून गाडी आडवी होते. ताशी ३० किलोमीटर वेगात एकूण अंतर १४ मीटरच्या आसपास असते. वेग दुप्पट केला की अंतर जवळजवळ तिप्पट होते, हे गणित शिकाऊ मुलाला मैदानावर पावलांनी मोजून दाखवावे. आकडा ऐकून कोणी बदलत नाही. चाळीस पावले चालल्यावर आमच्या चिरंजीवांचा चेहरा बदलला.

मग पुढचा ब्रेक लावून माणसे उलटतात ती का? ती ब्रेक लावीत नाहीत, हिसका देतात. वजन पुढे सरकायला क्षणभर लागतो. त्याआधीच मूठ करकचून आवळली तर चाक अडकते आणि घसरते. आपल्या वाचकांना सोपी उपमा द्यायची तर शिरेतून द्यायचे इंजेक्शन जसे सावकाश ढकलावे लागते, तशी मूठ दाबावी. आधी हलकी, वजन पुढे आल्याचे जाणवले की घट्ट, आणि थांबता थांबता पुन्हा सैल. हँडल सरळ असतानाच. वळणात पुढचा ब्रेक आवळू नये. वेग वळणाआधी कमी करावा. हा सराव ताशी २०, मग ३०, मग ४० किलोमीटर अशा चढत्या वेगाने, रोज दहा वेळा, निदान तीन आठवडे व्हावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट आहे. एबीएस चाक अडकू देत नाही, पण मूठ दाबायची सवय ते लावू शकत नाही. त्याशिवाय आपल्या गावांतून जुन्या गाड्या अजून भरपूर फिरतात.

कॅलिफोर्नियातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. चालकांनी मागचे चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा आढळले. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ती गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. वैद्यकीय वाचकांसाठी दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रशिक्षणाने अपघात घटतात का, याचा कॉक्रेन पद्धतीचा आढावा २०१० साली घेतला गेला, तेव्हा अभ्यासांचा दर्जा पाहता ठाम निष्कर्ष काढता आला नाही. चार दिवसांच्या शिबिराने माणूस सुरक्षित होतो असे मी म्हणूनच म्हणणार नाही. तसल्या शिबिरातून कधी कधी फाजील आत्मविश्वास तेवढा घेऊन माणूस बाहेर पडतो. मला भरवसा वाटतो तो क्रमाचा आणि पुनरावृत्तीचा. रोज अर्धा तास, मध्ये रात्रीची झोप, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका रविवारी सलग पाच तास शिकण्यापेक्षा दहा दिवस अर्धा-अर्धा तास अधिक टिकतो, कारण अशा कौशल्याची घडी झोपेत बसते.

हेल्मेटविषयी आपल्या मंडळींना नवे सांगण्यासारखे थोडे आहे. ते डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी करते, हे २००८च्या कॉक्रेन आढाव्यातले आकडे अनेकांना ठाऊक असतील. त्यामागचा इतिहास मात्र एका डॉक्टराचा आहे, म्हणून सांगतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये आपल्या मोटारसायकलीवरून जात असताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकविताना पडले. डोक्याला मार लागून ते सहा दिवस बेशुद्ध राहिले आणि १९ मे रोजी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे महायुद्धात लष्करी निरोप्यांचे अपघात त्यांनी अभ्यासले आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. हेल्मेट घातलेले अवघे सात जखमी त्यांना आढळले होते आणि ते सातही वाचले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी कायदा यायला १९७३ उजाडले. म्हणजे डॉक्टरने लिहून ठेवलेली गोष्ट रस्त्यापर्यंत पोचायला तीन दशके लागली. आपल्याकडे हेल्मेट रस्त्यापर्यंत पोचले, पण कोपरात आणि आरशावर लटकले. शिकाऊ मुलाने गाडी ढकलण्याच्या पहिल्या दिवसापासून, हनुवटीचा पट्टा आवळून, आयएसआय चिन्हाचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट घालावे. तिसऱ्या अवस्थेत हात आपोआप चालतो, तसा पट्टाही आपोआप आवळला गेला पाहिजे.

मैदानावरून रस्त्यावर यायचे तेही पायरीने. पहिले पंधरा दिवस सकाळी सहा ते सात, गावातला रस्ता, परिचयाची वळणे. मग गर्दीची वेळ, मग रात्र आणि सर्वांत शेवटी पाऊस. आपल्या दोन तालुक्यांचे धोके वेगळे आहेत आणि ते कोणत्याही पुस्तकात नाहीत. डिचोलीच्या खाणपट्ट्यात रस्त्यावर खनिजाची बारीक माती साचते. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक कमी झाले. लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. ही माती कोरडी असताना वाळूसारखी आणि ओली झाली की साबणासारखी वागते. जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचे तेल आणि धूळ वाहून जाण्याआधी, घसरण सर्वांत जास्त. त्या अर्ध्या तासात नवख्याने गाडी काढूच नये. ट्रकच्या मागे चालताना चालकाचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही, असे धरून चालावे. पेडण्यात डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून टॅक्सींची घाई वाढली आहे. हरमल-मांद्रे-मोरजीच्या अरुंद रस्त्यांवर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची दुचाकी समोर दिसली, तर तिच्यावरचा पाहुणाही बहुधा आपल्यासारखाच शिकाऊ आहे, असे समजून अंतर ठेवावे.

आणि फेरीबोट. केरीहून तेरेखोलला किंवा नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरी ही शिकाऊ चालकाची खरी परीक्षा आहे. ओला उतार, लोखंडी पत्रा, मागे घाईतली गाडी आणि पुढे उभी माणसे. येथे आधीचे सारे एकत्र लागते: पहिला गिअर, अर्धा क्लच, मागचा ब्रेक, नजर समोर. ओल्या लोखंडावर हँडल वळवायचे नाही आणि पुढचा ब्रेक जवळजवळ विसरायचा. काकांनी मला फेरीवर नेले ते पाचव्या आठवड्यात.

कायद्याची बाजू थोडक्यात. गिअरच्या गाडीसाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनीच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ते तीस दिवस म्हणजे कार्यालयाची दिरंगाई, असे लोक समजतात. मला तो कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडीच चालविता येते. आपल्याकडे शाळेच्या गणवेशातली मुले चालवितात त्या स्कूटर १०० सीसीच्या वर आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असो, पालक सुज्ञ आहेत.

मागे माणूस बसविणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते सर्वांत शेवटचे. साठ किलोचा माणूस मागे बसला की तोल बदलतो, ब्रेकचे अंतर बदलते, पुढचे चाक हलके होते. आपल्याकडे आई किंवा आजी एका बाजूने बसते, म्हणजे वजन डावीकडे. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेल्या जखमा आपण पाहिल्या आहेत. सारीगार्ड काढून टाकण्याची तरुणांची हौस म्हणूनच मला मान्य नाही. शिकाऊ परवान्यावर तर शिकविणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसविण्यास नियमाने मनाई आहे. काका आधी तांदळाची पंचवीस किलोची पिशवी मागे बांधायला लावीत. पिशवी तक्रार करीत नाही आणि वळणावर उलट्या बाजूला झुकतही नाही.

चिरंजीवांना पक्का परवाना मिळाला आहे. दिवसाचे आणि रात्रीचे रस्ते झाले, फेरी एकदा कोरड्यात झाली. तांदळाची पिशवी सध्या मागे बांधलेली आहे. माझ्या पत्नीने मागे बसायचे दोनदा विचारले; पाऊस संपूर्ण एक हंगाम अंगावर घेतल्यावर, दिवाळीच्या सुमारास पाहू, असे दोघांचे ठरले आहे. दरम्यान दवाखान्यात टाके काढायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न विचारू लागलो आहे: पडण्याआधी कोणता ब्रेक दाबला होतास? सहकाऱ्यांनीही तो विचारून पाहावा आणि उत्तरे टिपून ठेवावीत. पुढील बैठकीत ती एकत्र मांडता येतील.